कोऑर्डिनेटर कोण आला ते नंतर, घर कसं आहे ते आधी बघा

परवा संक्रांतीला आमच्याकडे आठ-दहा मराठी कुटुंबं जमली होती. बाहेर रस्त्यावर बर्फ, आत तिळगूळ आणि गरम खिचडी, आणि जेवणं झाल्यावर वाद पेटला तो टिम लेस्टरवरून. आम्ही आयोवा सिटीच्या आसपास राहणारी माणसं, त्यामुळे आयोवा हॉकाइजचा, म्हणजे इथल्या युनिव्हर्सिटीच्या अमेरिकन फुटबॉल टीमचा, ऑफेन्सिव्ह कोऑर्डिनेटर (तोच हा लेस्टर) हा आमच्याकडे घरचाच विषय आहे. एका मित्राचं म्हणणं, लेस्टर यायच्या आधी टीम मॅचमागे १५.४ पॉइंट करत होती, तो आल्यावर पहिल्याच वर्षी २७.७, विषय संपला, नेमणूक उत्तम. दुसऱ्याचं म्हणणं, आधीच्या वर्षी १० मॅच जिंकलेली टीम त्याच्या पहिल्या वर्षी ८ वर आली, मग पॉइंट काय चाटायचेत? दोघांचे आकडे बरोबर, आणि तरी मला दोघांचंही पटत नाही. दर डिसेंबर-जानेवारीत कोचांची अदलाबदल सुरू झाली की हेच होतं, नेमणूक जाहीर झाल्यावर तासाभरात ए मायनस, सी प्लस असे ग्रेड वाटले जातात, त्या माणसाने अजून गावात घर बघितलेलं नसतं, मुलांची शाळा ठरलेली नसते. आणि सीझन संपला की एकच आकडा घेऊन निकाल. माझं म्हणणं सरळ आहे, कोऑर्डिनेटरची नेमणूक त्याच्या आधीच्या कारकिर्दीवरून जोखू नये आणि मॅचमागे पॉइंटवरूनही जोखू नये, हेड कोचने त्याच्यासाठी स्वतःचं काय बदललं यावरून जोखावी. ते बदललं नसेल तर देवमाणूस आणला तरी काही होत नाही.

ज्यांना हा खेळ नवा आहे त्यांच्यासाठी थोडक्यात. हेड कोच सगळ्या टीमचा मालक, आणि त्याच्या हाताखाली बॉल आपल्याकडे असताना काय खेळायचं हे ठरवणारा तो ऑफेन्सिव्ह कोऑर्डिनेटर. प्रत्येक प्लेच्या आधी तो कॉल देतो, रन करायचा की पास टाकायचा, कोण कुठून पळणार, कोण कुणाला अडवणार. दर वेळी असा विचार, मॅचमध्ये साठ-सत्तर वेळा. म्हणजे काम मोठं आहे, पण चौथ्या डाउनला, म्हणजे दहा यार्ड पुढे जायला मिळणाऱ्या चार प्रयत्नांतल्या शेवटच्या वेळी, बॉल लाथेने पलीकडे मारून द्यायचा (पंट) की अजून एकदा प्रयत्न करायचा, क्वार्टरबॅक, म्हणजे पास टाकणारा मुख्य खेळाडू, कोण खेळणार, कुठली मुलं भरती करायची, किती धोका पत्करायचा, हे शेवटी हेड कोच ठरवतो. लोक नेमके हेच विसरतात.

आता आयोवाची गोष्ट. कर्क फेरेंट्झ १९९९ पासून इथे हेड कोच आहेत, आणि २०१७ ते २०२३ त्यांचा कोऑर्डिनेटर होता त्यांचाच मुलगा ब्रायन. २०२२ मध्ये टीमने मॅचमागे जेमतेम पावणेअठरा पॉइंट केले, त्या सीझनची पहिली मॅच आम्ही साउथ डकोटा स्टेटविरुद्ध ७-३ अशी जिंकलो आणि ते ७ पॉइंट म्हणजे एक फील्ड गोल (खांबांमधून मारलेली किक, ३ पॉइंट) आणि दोन सेफ्टी (समोरच्याला त्याच्याच एंड झोनमध्ये अडवणं, २-२ पॉइंट), टचडाउन, म्हणजे बॉल समोरच्या टोकाच्या एंड झोनमध्ये नेणं, शून्य. लोक वैतागले आणि मग युनिव्हर्सिटीने ब्रायनचा करार बदलला, पगार ५० हजार डॉलरने कमी करून साडेआठ लाख, आणि अट घातली, मॅचमागे सरासरी २५ पॉइंट आणि सीझनमध्ये किमान ७ विजय. देशभर त्याची चर्चा झाली, २५ गुणिले १३ म्हणजे ३२५, दर शनिवारी लोक बेरीज करत बसायचे. शेवटी लीगची फायनल धरून १४ मॅचमध्ये झाले २१६. तीन मॅचमध्ये तर भोपळा, पेन स्टेट ३१-०, बिग टेन या आमच्या लीगच्या फायनलला मिशिगन २६-०, सीझननंतरच्या बाउल मॅचला टेनेसी ३५-०. ऑक्टोबरच्या अखेरीसच जाहीर झालं होतं की ब्रायन पुढच्या वर्षी नसणार.

पण त्या अटीत काय लिहिलं होतं ते नीट बघा. त्या २५ पॉइंटमध्ये डिफेन्सने केलेले पॉइंटसुद्धा धरायचे होते, किक रिटर्नचे पण. म्हणजे ज्या माणसाचं काम मोजायचं त्याच्या खात्यात दुसऱ्याचं काम जमा! २०१७ ची विस्कॉन्सिनची मॅच मी विसरू शकत नाही, आयोवाच्या ऑफेन्सने सगळ्या मॅचमध्ये मिळून ६६ यार्ड केले, ६६, आणि बोर्डवर पॉइंट होते १४, कारण आमच्या डिफेन्समधल्या जॉश जॅक्सनने समोरच्याचे दोन पास मध्येच पकडून (इंटरसेप्शन) थेट एंड झोनमध्ये नेले. ही अट तेव्हा असती तर ते १४ कुणाच्या खात्यात गेले असते? आणि त्याच्या आदल्या शनिवारी याच ब्रायनच्या ऑफेन्सने ओहायो स्टेटला ५५-२४ असं धुतलं होतं, त्यात पण पहिला टचडाउन पहिल्याच प्लेला डिफेन्सचा. एका आठवड्यात ५५, पुढच्या आठवड्यात ६६ यार्ड. कुठल्या शनिवारवरून माणूस जोखणार? आपल्याकडे दहावीच्या टक्क्यांवरून पोरगं हुशार की ढ ठरवायचे तसं हे झालं, आकडा खरा असतो पण तो कशाचा आहे हे कुणी विचारत नाही.

१८ नोव्हेंबर २०२३, आमचं किनिक स्टेडियम, इलिनॉयविरुद्धची मॅच. मी वरच्या बाजूला होतो, थंडीत बोटं सुन्न झाली होती. पहिला क्वार्टर संपला की सगळं स्टेडियम शेजारच्या मुलांच्या हॉस्पिटलकडे वळून हात हलवतं, खिडक्यांतून आजारी पोरं परत हात हलवतात, ते बघून माझ्या आजही अंगावर काटा येतो. त्यानंतर मॅच म्हणजे दोन्हीकडून बॉल ढकलणं. आमचा पंटर टोरी टेलर, मेलबर्नचा मुलगा, त्याच्या पंटला लोक उठून टाळ्या वाजवत होते, खोटं नाही, माझ्या शेजारचे सत्तरीचे आजोबा टचडाउनला बसूनच टाळ्या वाजवायचे आणि पंट समोरच्या दहा यार्डाच्या आत पडला की उभे राहायचे. शेवटी चौथ्या क्वार्टरमध्ये केलेब जॉन्सनने ३० यार्ड पळत जाऊन टचडाउन केला, १५-१३, आणि आम्ही लीगमधला आमचा गट, वेस्ट डिव्हिजन, जिंकलो. स्टेडियममधून बाहेर पडताना आनंद होता आणि लाज पण वाटत होती, आणि ते दोन्ही खरं होतं. आजोबा म्हणाले, जिंकलो ना, मग झालं तर. त्या एका वाक्यात आयोवाची पंचवीस वर्षं आहेत. ब्रायनला हूटिंग करणारे पण त्याच स्टेडियममध्ये होते, आणि बाप समोर साइडलाइनला उभा असताना मुलाच्या नावाने ओरडणं मला कधी जमलं नाही, पण त्यांचा राग मी खोटा म्हणणार नाही.

कारण समोरच्या बाजूचे मुद्दे खरंच भक्कम आहेत. पहिला, पॉइंट करणं हेच त्या माणसाचं काम आहे, शेवटी मॅच पॉइंटवरच जिंकतात, आणि २०२३ मध्ये मॅचमागे यार्डात आयोवा देशात शेवटून पहिली होती, याला कुठलंही तत्त्वज्ञान पांघरूण घालू शकत नाही. दुसरा, बाप हेड कोच आणि मुलगा कोऑर्डिनेटर, कागदावर मुलगा अॅथलेटिक डायरेक्टरला, म्हणजे युनिव्हर्सिटीच्या खेळ विभागाच्या प्रमुखाला, रिपोर्ट करत होता, पण हे कागदावरचं होतं हे शेंबडं पोरही सांगेल, आणि अशा वेळी बाहेरून काहीतरी मोजमाप लावणं गरजेचंच होतं. तिसरा मुद्दा मला सगळ्यात जड वाटतो, हेड कोचला काढता येत नाही, त्याचा करार मोठा, त्याचं नाव मोठं, मग लोकांच्या हातात उरतो काय तर कोऑर्डिनेटर, त्यालाच धरणार. हे सगळं मान्य. २०२३ मध्ये क्वार्टरबॅक केड मॅकनमाराचा गुडघा गेला, दोन्ही टाइट एंड (अडवणारे आणि पास झेलणारेही खेळाडू), लेकी आणि ऑल, जायबंदी झाले, तरीसुद्धा १५.४ ला सबब नाही, हेही मान्य.

पण मग यातून लोक जो निष्कर्ष काढतात तो कसा निघतो ते मला कळत नाही. निष्कर्ष असा की चांगला बायोडेटा असलेला माणूस आणा, प्रश्न सुटेल. अहो, आयोवाने हे करून बघितलंय! २०१२ मध्ये फेरेंट्झनी ग्रेग डेव्हिसला आणलं. टेक्सासमध्ये व्हिन्स यंग क्वार्टरबॅक असताना २००५ ची नॅशनल चॅम्पियनशिप जिंकलेला कोऑर्डिनेटर, मॅचमागे पन्नास पॉइंट करणारी टीम त्याने चालवलेली. यापेक्षा मोठा बायोडेटा कुठून आणणार? आणि काय झालं, क्वार्टरबॅक जेम्स व्हॅंडेनबर्गने आदल्या वर्षी २५ टचडाउन पास टाकले होते, डेव्हिसच्या पहिल्या वर्षी त्याच मुलाने ७ टाकले आणि टीम ४-८, म्हणजे ४ जिंकल्या, ८ हरल्या. तोच मुलगा, तेच स्टेडियम, तोच हेड कोच. बरं, मग डेव्हिस वाईट? तीन वर्षांनी, २०१५ मध्ये, त्याच डेव्हिसची टीम १२-२ होती. म्हणजे बायोडेटावरून मोजलं तरी चुकलो, एका सीझनवरून मोजलं तरी चुकलो.

हे फक्त आयोवात होतं असं नाही. जॉश गॅटिसला २०२१ मध्ये मिशिगनमध्ये ब्रॉयल्स अवॉर्ड मिळालं, म्हणजे त्या वर्षीचा देशातला सर्वोत्तम असिस्टंट कोच, त्याच वर्षी त्यांनी बिग टेनच्या फायनलमध्ये आम्हाला ४२-३ ने झोडपलं होतं, तो संध्याकाळचा घास माझ्या अजून घशात अडकलाय. महिन्या-दोन महिन्यांत तो मायामीला गेला, सगळ्यांनी त्या नेमणुकीला पैकीच्या पैकी मार्क दिले, मायामी ५-७ झाली आणि एका सीझनमध्ये त्याला नारळ. बारा महिन्यांत माणसाची अक्कल गेली का? अक्कल तीच होती, घर बदललं. एलएसयूने (लुइझियाना स्टेट युनिव्हर्सिटी) २०१७ च्या सीझनसाठी मॅट कॅनडाला घेतलं, पिट्सबर्गमध्ये त्याने आदल्या वर्षी मॅचमागे चाळीसच्या वर पॉइंट काढले होते, स्नॅपच्या, म्हणजे बॉल खेळात यायच्या, आधी खेळाडूंची ये-जा, फसवाफसवी ही त्याची खासियत. हेड कोच एड ऑर्जेरॉनना तेच रुचेना. ज्या गोष्टीसाठी माणूस आणला तीच नको म्हटल्यावर तो बिचारा करणार काय? वर्षभरात काडीमोड.

आता त्याच एलएसयूचं पुढे काय झालं बघा, कारण माझा मुद्दा इथेच आहे. कॅनडा गेल्यावर ऑर्जेरॉननी घरातल्याच स्टीव्ह एन्समिंगरला बढती दिली, सगळीकडे नाराजी, जुना माणूस, जुनाच खेळ. पण २०१९ च्या सुरुवातीला ऑर्जेरॉननी न्यू ऑर्लिन्स सेंट्समधून जो ब्रेडी नावाचा २९ वर्षांचा पोरगा आणला, मुख्य कोऑर्डिनेटर म्हणून पण नाही, फक्त पासिंग गेमचा, आणि या वेळी हेड कोच स्वतः बदलले, खेळाडू मैदानभर पसरवून खेळायचं स्प्रेड ऑफेन्स पूर्ण स्वीकारलं, आणि साठीतल्या एन्समिंगरने त्या पोराला मनापासून जागा करून दिली. क्वार्टरबॅक जो बरोचा आदल्या वर्षीचा हिशोब १६ टचडाउन पास, २०१९ मध्ये ६०. टीम १५-०, नॅशनल चॅम्पियन. आणि २०२० मध्ये ब्रेडी गेला, बरो गेला, टीम ५-५. नेमणुकीच्या दिवशी ब्रेडीला कुणी ए प्लस दिला असता? त्याच्या बायोडेटात कोऑर्डिनेटर हा शब्दच नव्हता. आणि ज्याला लोकांनी आधीच नापास केलं होतं तो एन्समिंगर नसता तर ब्रेडीचं काय झालं असतं, हा प्रश्न तर कुणी विचारतच नाही.

अलाबामाचं उदाहरण याहून बोलकं आहे. तिथले तेव्हाचे हेड कोच निक सेबन हे डिफेन्सचे माणूस, हडल (प्लेआधी घोळक्यात ठरवणं) न करता भराभर खेळणाऱ्या ऑफेन्सबद्दल २०१२ मध्ये त्यांनी उघड नाराजी दाखवली होती, हा खेळ असाच हवाय का असं विचारलं होतं. आणि २०१४ मध्ये त्यांनी कुणाला घेतलं, लेन किफिनला, ज्याला काही महिन्यांपूर्वी यूएससीने ६२-४१ हरल्यावर रात्री विमानतळावरच काढून टाकलं होतं. लोकांनी वेड्यात काढलं. पण सेबननी फक्त माणूस नाही बदलला, स्वतःचा हट्ट सोडला, वेग वाढवू दिला, आधी रनिंग बॅक म्हणून खेळलेल्या ब्लेक सिम्सला क्वार्टरबॅक करू दिलं, अमारी कूपरने त्या वर्षी १२४ कॅच घेतले. दोघांचं पटत नव्हतं, साइडलाइनला सेबन किफिनवर ओरडताना सगळ्या देशाने बघितलंय, शेवटी २०१७ च्या जानेवारीत फायनलच्या आठवडाभर आधी त्याला निरोप दिला. म्हणजे गोडीगुलाबी असायला हवी असं मी म्हणत नाहीये. ओरडा हवं तेवढं, पण ज्यासाठी आणलंय ते करू द्या.

आपल्याला क्रिकेटमधून हे कळायला हवं खरं तर. २००५ मध्ये ग्रेग चॅपेल कोच म्हणून आला तेव्हा केवढं नाव, आणि २००७ च्या वर्ल्ड कपमध्ये आपण पहिल्याच फेरीत घरी. त्यानंतर गॅरी कर्स्टन आला, कोचिंगचा अनुभव सांगण्यासारखा नव्हता, आणि २०११ ला वानखेडेवर काय झालं ते सांगायला नको. नुसत्या नावावर नेमणूक तोलली असती तर कर्स्टनला कुणी पास केलं असतं?

आणि जुन्या इतिहासात जायचं तर या खेळात पुढे पास टाकायची परवानगीच मुळी १९०६ मध्ये मिळाली. आदल्या वर्षी मैदानावर मुलं मेली, प्रेसिडेंट रूझवेल्टने लक्ष घातलं, नियम बदलले. पण पुढची कित्येक वर्षं मोठ्या टीम पासला हातच लावत नव्हत्या, सुरुवातीला पास हुकला तर दंडही जबर होता हे खरं, पण दंड सैल झाल्यावरही जुन्या कोचांची मनं सैल होईनात. १९१३ मध्ये नोत्र दामच्या गस डोरायस आणि नूट रॉकनीने आर्मीला त्यांच्याच मैदानावर पासवर पास टाकत ३५-१३ हरवलं तेव्हा लोकांचे डोळे उघडले. सात वर्षं नियम होता, बॉल होता, फेकणारे हात होते. नव्हतं काय? करू द्यायची तयारी. कोऑर्डिनेटरचं अगदी तसंच आहे, प्लेबुक कुणीही आणू शकतो, उघडू द्यायचं की नाही ते घरमालकाच्या हातात.

आता माझ्याच म्हणण्यावरचा सगळ्यात मोठा आक्षेप, तो संक्रांतीला मला तोंडावर ऐकवला गेला. हेड कोचच सगळं असेल तर मग फेरेंट्झ तेच, स्टेडियम तेच, पंटचं प्रेम तेच, आणि तरी १५.४ चे २७.७ कसे झाले? म्हणजे फरक लेस्टरचाच ना? मी त्या दिवशी गप्प बसलो कारण प्रश्न चांगला होता. त्यावर विचार केला तेव्हा लक्षात आलं की फेरेंट्झ तेच होते पण तसेच नव्हते. २०२३ च्या त्या ऑक्टोबरनंतर, मुलाची नोकरी वरच्यांनी संपवल्यानंतर, त्यांनी बाहेरचा माणूस आणला. लेस्टर म्हणजे वेस्टर्न मिशिगनमध्ये सहा वर्षं हेड कोच राहून २०२२ ला काढलेला, मधलं वर्ष ग्रीन बे पॅकर्सकडे अॅनालिस्ट. नाव जाहीर झालं तेव्हा लोकांनी नाकं मुरडली, मीसुद्धा मुरडलं. पण पहिल्या काही मॅचमध्येच दिसलं की स्नॅपच्या आधी खेळाडू इकडून तिकडे सरकतायत, डिफेन्सला आधीच विचारात पाडतायत, आयोवात हे इतकं कधी नसायचं. पळायची मूळ पद्धत तीच, फेरेंट्झना आवडणारी झोन ब्लॉकिंगची, पण तिच्यावर नवा साज. आणि केलेब जॉन्सन, तोच ज्याने त्या थंडीत ३० यार्डाचा टचडाउन केला, २०२३ च्या अख्ख्या सीझनमध्ये ४६३ यार्ड पळाला होता, २०२४ मध्ये १,५३७ यार्ड आणि २१ टचडाउन. मला आकडा हवाच असेल तर असा हवा, तोच खेळाडू आधी आणि नंतर. टीमच्या सरासरीत डिफेन्स लपतो, फील्ड पोझिशन लपते, समोरची टीम लपते. एका पोराच्या दोन वर्षांत फार काही लपत नाही.

आणि त्याच वर्षी पासिंग? देशात जवळजवळ तळाशीच. मॅकनमारा, मग सलिव्हन, मग वॉक-ऑन, म्हणजे स्कॉलरशिपविना आलेला स्ट्रॅटन, क्वार्टरबॅकची खोली रिकामी ती रिकामीच. यूसीएलएला २०-१७ हरलो, नेब्रास्काला १३-१० जिंकलो, अगदी आदल्या वर्षीचाच स्कोअर! म्हणजे घरमालकाने जी खोली उघडून दिली तिथे उजेड पडला, जी नाही दिली तिथे अंधार. लेस्टर एकच होता ना दोन्ही ठिकाणी?

मग २०२५ ला ती दुसरी खोली उघडली. आयोवाने मार्क ग्रोनाउस्कीला आणलं, साउथ डकोटा स्टेटला खालच्या डिव्हिजनच्या दोन नॅशनल चॅम्पियनशिप जिंकून दिलेला क्वार्टरबॅक. आणि आठवा, २०२२ ची ती ७-३ ची मॅच, दोन सेफ्टी आणि एक फील्ड गोलची, त्या दिवशी किनिकवर समोरच्या टीमचा क्वार्टरबॅक हाच होता! ज्या ऑफेन्सकडून एक टचडाउन झाला नाही म्हणून देश हसला, त्याच ऑफेन्सवर विश्वास ठेवून तो मुलगा तीन वर्षांनी इथे आला. सीझन ९-४, आणि चारही पराभव पाच पॉइंटच्या आत, आयोवा स्टेट १६-१३, इंडियाना २०-१५, ऑरेगॉन १८-१६, यूएससी २६-२१. चार मॅचमध्ये मिळून १५ पॉइंट कमी पडले. यावरून लेस्टरला मार्क काय देणार? ९-४ वाला म्हणेल बरा, १५ पॉइंटवाला म्हणेल थोडक्यात हुकला, आणि मी म्हणीन की ऑरेगॉनसारख्या टीमसमोर आपला ऑफेन्स शेवटपर्यंत मॅचमध्ये होता हे २०२३ मध्ये स्वप्नात पण दिसलं नसतं.

एक गोष्ट मात्र माझ्या बाजूने कच्ची आहे, ती कबूल करतो. दोन-तीन वर्षं थांबा हे म्हणणं आता पूर्वीइतकं सोपं राहिलेलं नाही. ट्रान्सफर पोर्टलमुळे, म्हणजे खेळाडूंना कॉलेज बदलायच्या सोयीमुळे, एक वाईट सीझन गेला की पोरं बॅग भरून दुसरीकडे, शिवाय आता त्यांना पैसे मिळतात, त्यामुळे चुकीची नेमणूक वर्षभर सांभाळली तर खोलीच रिकामी होते. आयोवाचे जुने हेड कोच हेडन फ्राय यांना १९७९ मध्ये जो वेळ मिळाला तो आता कुणाला मिळणार नाही. फ्राय आयोवात आले तेव्हा १९६१ नंतर एकाही सीझनमध्ये टीमने हरलेल्यापेक्षा जास्त मॅच जिंकल्या नव्हत्या, त्यांनी नॉर्थ टेक्सासहून बिल स्नायडरला सोबत आणलं, ऑफेन्स त्याच्या हातात दिलं आणि पहिली दोन वर्षं काही विशेष घडलं नाही. १९८१ च्या सीझनला रोझ बाउल, सगळ्यात मानाच्या बाउल मॅचपैकी एक. १९८५ ला आयोवाचा क्वार्टरबॅक चक लाँग हाइझमनमध्ये, म्हणजे देशातल्या सर्वोत्तम खेळाडूच्या निवडीत, बो जॅक्सनच्या खालोखाल. पुढे हाच स्नायडर कॅन्सस स्टेटला गेला, देशात सगळ्यात जास्त हरलेली म्हणून ओळखली जाणारी टीम, आणि तिथे त्याने जे केलं त्याला आजही लोक चमत्कार म्हणतात. आजच्या पद्धतीने १९८० च्या शेवटी स्नायडरला ग्रेड दिला असता तर? आणि १९८१ पासून फ्रायच्या त्याच स्टाफवर ऑफेन्सिव्ह लाइनचा तरुण कोच कोण होता, तर कर्क फेरेंट्झ. कोऑर्डिनेटरला मोकळं सोडलं तर काय होतं हे त्यांनी आठ वर्षं शेजारच्या खोलीत बसून बघितलंय. म्हणून मला त्यांच्यावर राग येतो तो पण जास्त, आणि गेल्या दोन वर्षांत त्यांनी जे सैल सोडलं त्याचा आनंद होतो तो पण जास्त. सत्तरीत आपली सवय बदलणं काय असतं हे मी माझ्या वडिलांकडे बघून सांगतो, सोपं नसतं.

तर पोर्टलमुळे घाई आहे हे मान्य करूनही, घाईत काय बघायचं हे तरी ठरवा ना. पत्रकार परिषदेत काय बोलला ते नको. आधीच्या गावात किती पॉइंट केले ते नको. हेड कोचने जुना स्टाफ तसाच ठेवला की नव्या माणसाला आपली दोन माणसं आणू दिली, क्वार्टरबॅक निवडताना त्याचं ऐकलं का, पहिल्या तीन मॅचमध्ये असं काही दिसलं का जे आधीच्या वर्षी दिसत नव्हतं, कालचाच खेळाडू आज वेगळा दिसतोय का. हे बघायला तिकीट काढून स्टेडियममध्ये जायची पण गरज नाही, घरी टीव्हीवर कळतं, फक्त बॉलच्या मागे न पळता स्नॅपच्या आधीचे चार सेकंद बघायचे.

ग्रोनाउस्की आता गेला, त्याची वर्षं संपली. सप्टेंबरमध्ये लेस्टरचा तिसरा सीझन सुरू होईल आणि क्वार्टरबॅक नवा असेल. मी तिकिटं काढलीत, जागा तीच, आजोबांच्या शेजारची. पहिल्या क्वार्टरनंतर हॉस्पिटलकडे हात हलवून झाला की मला एकच गोष्ट बघायचीय, मैदानाच्या मध्यावर चौथा डाउन असेल, एक यार्ड हवा असेल, नवा पोरगा साइडलाइनकडे बघत असेल, तेव्हा फेरेंट्झ पंटरला आत पाठवतात की लेस्टरकडे बघून मान हलवतात.